दहा गाई आणि एक नाडी

डॉक्टरीणीच्या उजव्या हाताला घरात बंदी होती. डाव्याला नव्हती. डाव्याने तिने पाणी ओढावं, लाकडं फोडावीत, सासूच्या पायाला तेल चोळावं, कोणाची काही हरकत नव्हती. पण उजवा हात पिठाच्या डब्याला, मिठाच्या बरणीला, माठाच्या झाकणाला लागला की सासू भाजल्यासारखी ओरडायची. कारण तो हात गाईच्या मागच्या दाराने खांद्यापर्यंत आत जाऊन आलेला होता.

"तीनदा साबण लावलाय," डॉक्टरीण म्हणायची.

"साबण लावल्याने हात विसरतो का कुठं गेला होता ते?"

यात गंमत अशी की डॉक्टरीण मूळची डावरी. लग्न होऊन आली तेव्हापासून सात वर्षं याच सासूने "उजव्या हाताने वाढ गं, घरात भुतं जेवायला बसलीत का?" म्हणून तिच्या डाव्या हातावर उलथनं मारलं होतं. मोठ्या कष्टाने हात बदलला. आणि तो बदलून होतो न होतो तोच ती नळीने बीज सोडून गाई फळवायला शिकली. तिथे सगळ्यांचा डावा हात आत जातो आणि उजव्यात नळी असते. ही डावरी, म्हणून हिचा उजवा आत. आता सासू "डाव्याने वाढ" म्हणून ओरडत होती. उलथनं तेच.

डॉक्टरीण ही काही डॉक्टर नव्हती. गावाने चिडवायला ठेवलेलं नाव होतं ते. वरून दूध संघाला कागद आला होता की शिकायला एक बाई पाठवा. चेअरमनने विचार केला, बाईच पाठवायची तर आपल्या जीपच्या ड्रायव्हरची पाठवू. परत आल्यावर काही मागणार तरी नाही. चार महिने शिकून, शिक्क्याचा कागद घेऊन ती परत आली आणि संघाने तिला दुधाचे कॅन धुवायला बसवलं.

कॅन धुणं म्हणजे काय, ते धुणाऱ्यालाच माहीत. त्या उन्हाळ्यात तर सकाळचं दूध दुपारी फाटायचं. कॅनच्या बुडाला पिवळा थर चिकटायचा, झाकणाच्या रबराखाली अळ्या व्हायच्या, त्या नखाने काढाव्या लागायच्या. ऊन पत्र्यावर, पत्रा डोक्यावर, अळी नखात. त्यात महिन्याभरापासून तिच्या परकराची नाडी सापडत नव्हती. सगळं घर पालथं घातलं. शेवटी सुतळी बांधली. सुतळीने कमरेला वळ उठले, वळात घाम, घामात आंबलेलं दूध. बसताना ती तोंडाने 'स्स' करायची आणि नवरा म्हणायचा, "एवढा नखरा कशाला? सुतळीच आहे, साप नाही."

गावातल्या गाई फळवायचं काम तीस वर्षं कंपाउंडर करत होता. आता त्याचे गुडघे गेले होते, त्या उन्हाळ्यात त्याने एकही गाय फळवली नव्हती. ओढ्यापलीकडे जायचं म्हटलं की तो गुडघ्याकडे बघायचा आणि गुडघे त्याच्याकडे. म्हणून संघाने ठरवलं: डॉक्टरीणीला दहा गाई द्यायच्या. दहातल्या पाच गाभण राहिल्या तर ओढ्यापलीकडची सगळी फेरी तिची, सायकल तिची. नाहीतर कॅन आहेतच, अळ्याही आहेत.

गाय राहिली की नाही हे कळायला एकवीस दिवस लागतात. राहिली नसेल तर ती पुन्हा माजावर येते, हंबरून गाव डोक्यावर घेते. उलटली म्हणतात तिला.

पहिली उलटली. दुसरी उलटली. नवव्यापर्यंत गाव मोजायला लागलं होतं. पारावरचे म्हातारेसुद्धा बोटांवर मोजत बसले होते.

दहावी गाय मिशीवाल्याची. त्याने ती दावं धरून थेट डॉक्टरीणीच्या दारात आणून उभी केली. गाय हंबरत होती, मागून माजाचा काचेसारखा चिकट सोट लोंबत होता. तो तिने शेपटीच्या एका फटक्यात दाराच्या चौकटीवर उडवला.

"घ्या तुमची दहावी," मिशीवाला म्हणाला. "हात आहे का मुसळ? जिथं जाईल तिथं कुटून येतो."

"मी सगळं बरोबर केलं होतं, भाऊ. वेळ बरोबर, जागा बरोबर."

"मग चूक कोणाची? गाईची? हिने आजवर चार वासरं दिली!" मिशीला सोटाचा एक तार चिकटला होता, तो बोलताना हलत होता. "वांझ हात आहे बाई तुझा. कॅन धुवायच्या लायकीचा."

आतून सासू म्हणाली, "मी तेच सांगतेय." आणि नवरा, जो खाटेवर पडून दात कोरत होता, तो म्हणाला, "चेअरमन बोललेत. सोमवारी बैठक आहे. तुझा विषय बंद करणार."

डॉक्टरीणीने चौकट पुसली. डाव्या हाताने.

मग ती शिंपीणीकडे गेली.

शिंपीण मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. खोलीत मशीन, मशीनमागे ती, आणि मागच्या दाराला बांधलेली तिची एकुलती गाय. गाईचं नाव बाईसाहेब, कारण ती चाऱ्याला नाक मुरडायची. नवरा वारल्यावर शिंपीणीचे दीर मशीन उचलायला आले होते. तेव्हा डॉक्टरीण येऊन त्या मशीनवर बसली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दीर म्हणाले, "उठ." ती म्हणाली, "मला चक्कर आलीय." ते दुसऱ्या दिवशी आले तर ती पुन्हा बसलेली, पुन्हा चक्कर. चार दिवसांनी दिरांना चक्कर आली. मशीन राहिलं.

शिंपीणीचा एकच दोष होता. तिला वास सहन व्हायचा नाही. मासा, शेण, ओलं कुत्रं, काहीही असो, पोट ढवळून यायचं. आणि दहाच्या दहा गाईंच्या वेळी शेपूट धरायला तीच उभी होती. एका हाताने शेपूट, दुसऱ्या हाताने तोंडावर पदर, मान वळवून ओकायची, आणि ओकून झालं की विचारायची, "लागलं का तोंड? गर्भपिशवीचं तोंड लागलं का हाताला?" कंपाउंडर हातमोजे द्यायचा तेही वापरलेले, उलटे करून, आत आधीच्या गाईचं शेण वाळलेलं. ते बघून शिंपीणीने जुन्या रेनकोटाची खांद्यापर्यंतची बाही शिवून दिली होती, दुहेरी शिवणीची. वर म्हणाली होती, "सगळं करीन तुझ्यासाठी. पण त्या हाताने मला काही खायला देऊ नकोस. आधीच सांगून ठेवते."

आता डॉक्टरीण दारात बसली आणि म्हणाली, "दहावीपण गेली."

शिंपीणीने मशीनचा पायटा थांबवला. "दहाच्या दहा?"

"हात वांझ आहे म्हणतात."

"बस बस. हात म्हणे वांझ." शिंपीणीने दोरा दाताने तोडला. "हे बघ. मी दहा बायकांचे झंपर शिवले आणि एक आखूड झाला, तर माझी कात्री चुकली. दोन आखूड झाले तर बाई जाड झाली. पण दहाच्या दहा आखूड झाले तर? गावातल्या दहा बायका एका आठवड्यात वाढल्या का? मग टेप खोटी. टेप तपासायची."

"कसली टेप?"

"तू गाईत काय घालतेस?"

"बीजाची कांडी."

"ती कुठून येते?"

"जारातून. कंपाउंडर काढून देतो. जाराला हात लावू देत नाही मला."

"का नाही देत?" शिंपीण उठली. कोपऱ्यातली कापड मोजायची लाकडी पट्टी तिने काखेत घेतली. "चल."

जार म्हणजे संघाच्या मागच्या खोलीतला ॲल्युमिनियमचा मोठा पिंप. आत इतकं गार पाणी असतं की ते पाणी नव्हेच. बोट बुडवलं तर बोट गळून पडेल. त्यात लांब दांड्यांच्या डब्या लटकवलेल्या असतात आणि डब्यांत कांड्या. ते गार पाणी आहे तोवर बीज जिवंत. बाहेरच्या उन्हात कांडी चार मिनिटं राहिली की मेली. डॉक्टरीणीकडून हे शिकताना पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं.

कंपाउंडर बाकावर तोंड उघडं टाकून झोपला होता. एक माशी त्याच्या खालच्या ओठावर आरामात चालत होती.

"दादा," शिंपीण म्हणाली, "चेअरमनसाहेबांनी जाराला नवी गादीची खोळ शिवायला सांगितलीय. माप घ्यायचंय."

माशी उडाली. "मला नाही बोलले."

"तुम्ही झोपला होतात."

कंपाउंडरने खिसा चाचपला. त्याने किल्ली काढून दिली. "माप घ्या. झाकण उघडू नका."

खोलीत गेल्यावर शिंपीणीने आधी झाकण उघडलं.

जाराचं झाकण उघडलं की पांढरा धूर भसाभसा सांडायला हवा, जमिनीवर पसरायला हवा. इथे म्हाताऱ्याच्या विडीएवढा धूर निघाला आणि संपला. डॉक्टरीणीने शिंपीणीच्या काखेतली पट्टी ओढून घेतली. तिने पट्टी आत सोडली, मनात पंधरा आकडे म्हटले, बाहेर काढली. जिथवर गार पाणी, तिथवर पट्टीवर पांढरं दव धरतं. एक वीत तरी धरायला हवं होतं. धरलं होतं दोन बोटं.

"कोरडा पडलाय," ती म्हणाली. "कांड्या मेल्यात. सगळ्या. मी दहा गाईंत पाणी घातलं."

"थांब," शिंपीण म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. झाकणाच्या कडीला एक नाडी बांधलेली होती, दुमडून हातभर लोंबणारी, खालच्या टोकाला फास. हिरव्याजांभळ्या चिंध्यांची तिपेडी वेणी. तिने ती चिमटीत धरून उजेडाकडे नेली. "ही माझी आहे."

"म्हणजे?"

"चेअरमनच्या बायकोच्या झंपराच्या कापडातून चिंध्या उरल्या होत्या. त्याची एकच नाडी झाली. ती मी तुझ्या परकराला घातली."

डॉक्टरीणीचा हात आपोआप कमरेच्या सुतळीवर गेला.

मग दोघींनी खोली नीट बघितली. भिंतीला खिडकीजवळ तीन खिळे मारलेले. कोपऱ्यात सोड्याच्या बाटल्यांची टोपणं, ओंजळभर. जाराच्या तोंडात जाईल एवढ्या बारीक बाटल्या, चेअरमनच्या जीपमध्ये ज्यांची खोकी असायची त्याच. आणि जीप चालवणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"नवरा तुझा," शिंपीण म्हणाली, "तुझ्या नाडीला बाटली बांधून, तुझ्या जारात, चेअरमनचा सोडा गार करतोय."

खोलीत कसलाच वास नव्हता. तरी शिंपीणीने पदर तोंडाला लावला.

घरी आल्या तेव्हा सासू ओट्यावर डोळे मिटून बसली होती. हातात बारीक बाटली, बाटलीला घाम सुटलेला. एकेक घोट ती जिभेवर फिरवून गिळत होती.

"गार आहे का हो, सासूबाई?" शिंपीणीने विचारलं.

"बर्फ झक मारेल. पोरगं रोज आठवणीने आणतं माझं. सुनेला आहे का कधी अक्कल?"

"आणि कशात गार होते ती?"

"संघात मशीन आहे म्हणे."

"मशीन नाही, सासूबाई. जार आहे. बैलाचं बीज ठेवतात त्यात. बाटली त्यातच बुडून येते." शिंपीणीने आवाज मधाळ केला. "सुनेचा हात बाहेरून धुता येतो हो. तुमच्या तर पोटात गेलं."

सासूने घोट गिळायचं थांबवलं, पण घोट थांबला नाही. तिचे गाल फुगले, डोळे पाणावले, आणि जे बाहेर आलं ते थेट मोरीपर्यंत पोचलं. तो आवाज ऐकून शिंपीणीचंही पोट ढवळलं. दोघी एकाच मोरीवर वाकल्या, आलटून पालटून, एक थांबली की दुसरी. डॉक्टरीण दोघींच्या मधे उभी राहून दोघींची पाठ चोळत होती. उजव्या हाताने. सासूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "हात काढ," आणि लगेच, "नको, चोळ."

नवरा बाहेर आला. डॉक्टरीणीने नाडी त्याच्यापुढे धरली.

"हां, ही," तो म्हणाला. "चांगली मजबूत होती म्हणून नेली."

"कांड्या कुठं ठेवायचास?"

"त्या डब्या? बाटली मावत नव्हती ना. काढून खिळ्याला अडकवायचो. पण परत ठेवायचो हं! एक कांडी सांडली नाही कधी." त्याने ते अशा थाटात सांगितलं की जणू बक्षीसच मिळणार होतं.

"खिडकीत? उन्हात?"

"पाच-दहा मिनिटं फक्त. कंपाउंडर म्हणाला चालतंय. त्यालापण एक द्यायचो मी."

"मी तुला सांगितलं होतं जारात काय असतं. शिकून आले त्याच दिवशी. जेवताना."

"जेवताना सांगितलंस," नवरा म्हणाला, "म्हणूनच मी ऐकलं नाही."

तिने नाडी मुठीत गुंडाळली. त्याच्या दातात अजून सकाळची काडी होती. दहा गाई, दहा घरं, दहा वेळा दारात येऊन थुंकलेली माणसं. आणि हा खाटेवर पडून 'तुझा विषय बंद' म्हणाला होता. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत जाऊन तिला कधी किळस आली नव्हती. आत ऊब असते, शेण असतं, एक जीव श्वास घेत असतो. किळस काय असते ते तिला आत्ता, स्वच्छ कपडे घातलेल्या या माणसाकडे बघून कळत होतं.

सोमवारी बैठकीच्या आधी दोघी चेअरमनच्या खोलीत गेल्या. चेअरमनच्या टेबलावर तीच बारीक बाटली होती, अर्धी. डॉक्टरीणीने सगळं सांगितलं. सांगता सांगता चेअरमनचा चेहरा आधी लाल, मग पांढरा, मग शेवाळी झाला. त्याने बाटली दोन बोटांनी उचलून खिडकीत ठेवली.

"म्हणजे गेल्या दोन महिन्यांत," तो म्हणाला, "माझ्याकडे जेवढे पाहुणे आले..."

"सगळे," शिंपीण म्हणाली. "वरचे साहेब आले होते, ते तर दोन प्यायले."

चेअरमनने रुमाल ओठांवरून फिरवला, बराच वेळ. "हे बाहेर जाता कामा नये. आपण सांगू, उन्हाने झालं. जार जुना होता. आणि बाई, तुझ्याबद्दल लोक बोलतात ते बोलू दे. चार दिवसांत विसरतात."

"मी नाही विसरणार," डॉक्टरीण म्हणाली. "जार भरून द्या. नव्या कांड्या द्या. खोलीची किल्ली माझ्याकडे. आणि दहा गाई पुन्हा."

"किल्ली कंपाउंडरकडे असते. तीस वर्षं..."

"साहेब," शिंपीण म्हणाली, "माझ्या मशीनपुढे रोज पंधरा-वीस बायका बसतात. गप्पा काय, कशाही निघतात. मी आपली तोंड शिवून बसेन. पण शिवायला कारण लागतं."

चेअरमनने खिडकीतल्या बाटलीकडे बघितलं आणि ड्रॉवर उघडून खोलीची दुसरी किल्ली काढली.

बैठकीत चेअरमनने भाषण केलं. उन्हाळा किती कडक, जनावरं किती नाजूक. तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेबद्दल कंपाउंडरला हार घातला. कंपाउंडरच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हरला, तत्परतेबद्दल, नवीन टोपी. टाळ्या झाल्या. डॉक्टरीण मागे कॅनजवळ उभी राहून हे बघत होती. कोणी म्हणालं नाही की हात वांझ नव्हता. तिने किल्ली परकराच्या त्याच नाडीत ओवून गळ्यात घातली होती; नाडी धुवून घेतली होती, दोनदा. कमरेला सुतळीच होती.

जार भरला. धूर भसाभसा सांडला, पायांवरून वाहत दाराबाहेर गेला. पण दहा गाई कुठल्या, एक गाय मिळेना. मिशीवाला म्हणाला, "त्यापेक्षा बैल शोधीन. पायी जाऊन शोधीन."

मग एका सकाळी बाईसाहेब हंबरायला लागली.

"घाल हात," शिंपीण म्हणाली.

"वेडी आहेस का? ही एकच आहे तुझी. उलटत राहिली तर हंगाम जाईल. पुढच्या वर्षी दूध नाही."

"माझी गाय, माझा हंगाम. बाही चढव."

"आणि हीही नाही राहिली तर? मग हातच खोटा ना?"

"मग मी तुझी टेप खोटी म्हणेन आणि तू माझी कात्री खोटी म्हण. चढव गं, मला आत्ताच ढवळतंय."

डॉक्टरीणीने बाही चढवली. कांडी जारातून उचलली, कोमट पाण्यात धरली, पुसली, नळीत भरली. शिंपीणीने शेपूट उचललं, मान वळवली आणि नेमाने ओकली. बाईसाहेबने नाक मुरडलं आणि डॉक्टरीणीच्या छातीवर शेणाचा पो टाकला. आत ऊब होती. बोटांना पिशवीचं तोंड लागलं, कोंबडीच्या मानेसारखं कडक. डाव्या हाताने तिने नळी हळूच पुढे सारली.

मग मोजणं सुरू झालं. शिंपीणीने भिंतीवर खडूने रेघा मारल्या. गल्लीतले लोक येता-जाता रेघा मोजायचे. अठराव्या दिवसापासून मिशीवाला मुद्दाम या गल्लीने जायला लागला. कान टवकारून.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीण सकाळीच येऊन गोठ्यापुढे बसली. शिंपीणीने मशीन उचलून तिथेच आणलं, पण एक टाका घातला नाही. दोघी गाईच्या तोंडाकडे बघत होत्या. दुपार झाली. ऊन पत्र्यावरून घसरून आत आलं. बाईसाहेबने एकदा तोंड उघडलं. दोघी अर्ध्या उठल्या. तिने ढेकर दिली आणि रवंथ सुरू केला.

"कंबर बघ. शेपूट बघ," डॉक्टरीण कुजबुजली. "काही नाही. सोट नाही."

"अजून दिवस आहे."

"आणि नंतर पण तीन महिन्यांनी हात घालून बघावं लागेल. तोवर नक्की नाही."

"तू गप्प बस. ती ऐकेल."

भूक लागली तेव्हा शिंपीणीने पातेल्यातून गार भात एका ताटात घेतला, वर मीठ. ताट दोघींच्या मधे ठेवलं. डॉक्टरीणीने भात कालवला. नजर गाईवर. एक घास स्वतः खाल्ला, दुसरा तसाच शिंपीणीच्या तोंडापुढे धरला. शिंपीणीचीही नजर गाईवर. तिने तोंड उघडलं.

चावता चावता ती थांबली. घास गालात तसाच. तिने हळूच खाली बघितलं. उजवा हात होता. नखांशी भात.

"अगं बाई," डॉक्टरीण म्हणाली, आणि हात मागे घेतला. "मी विसरलेच. थुंक. थुंक ना, मोरी आहे तिथे."

शिंपीणीचे डोळे पाणावले. गळ्यातली शीर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. गल्लीत मिशीवाला उभा राहून आत डोकावत होता. बाईसाहेब त्याच्याकडे बघत रवंथ करत होती, तोंड बंद ठेवून.

शिंपीणीने गिळलं. पदराने तोंड पुसलं आणि एक हात पोटावर दाबून धरला, जणू आतलं काही परत येईल म्हणून.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "घाल. आणि दुसरा घास जरा मोठा कर."